खालच्या रांगेतली आत्या

बारसं सोमवारी होतं आणि नाव ठरलेलं होतं.

मनिषाला ते नाव पोरगी दवाखान्यातून घरी आली त्याच्या तिसऱ्या दिवशीच कळलं. सासूबाई, भागुबाई, पिंपळीहून इंदापूरला तिच्या माहेरी डिंकाचे लाडू घेऊन आल्या. पोरीला मांडीवर घेतलं, टाळूला तेल जिरवलं, मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढली आणि मग अगदी सहज म्हणाल्या, "तिसरी हाय. हिचं नाव नकोशी ठिवायचं. म्हंजी देवाला कळतं, आता पोरी बास."

त्यांना पोरीचा राग नव्हता. राग असता तर मनिषाला भांडता तरी आलं असतं. त्या पोरीचे तळपाय आपल्या गालावर घासत होत्या, तिच्या जांभईला जांभई देत होत्या, आणि तिला नकोशी म्हणायचं ठरवत होत्या. पाठीवर पोरगा यावा म्हणून घ्यायचं औषध असावं, तसं ते नाव होतं त्यांच्या लेखी.

अडचण अशी की नाव सांगणार त्याच होत्या. बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा. संभाजीला, म्हणजे मनिषाच्या नवऱ्याला, बहीण नव्हती. त्यामुळे आत्याच्या जागी दोन्ही वेळा भागुबाईच बसल्या. थोरलीच्या वेळी ठरलेलं नाव सांगितलं, प्रतिक्षा. धाकटीच्या वेळी सगळ्यांनी मिळून अश्विनी ठरवलं होतं. पाटावरून पाळण्यात वाकून सासूबाईंनी 'कुर्रर्र' केलं आणि कानात सांगितलं मंगल. त्यांच्या पाठीवर बायांचे धपाटे पडले, घुगऱ्या वाटल्या गेल्या, आणि पोरगी मंगल झाली. "आयत्या वेळी तोंडात आलं," एवढंच त्या म्हणाल्या. आत्यानं कानात सांगितलेलं पुसता येत नाही.

संभाजी वालचंदनगरला कंपनीत होता, पाळीवर. त्याला मनिषानं दोनदा विचारलं. "आईपुढं मी काय बोलू?" तो म्हणाला. "तात्या बोलले तरच."

तात्या म्हणजे तात्याबा, संभाजीचे आजोबा. वय पंच्याऐंशी. तरणेपणी मेंढरं राखली, पुढं कालव्याच्या पाण्यावर ऊस लावला. घरात त्यांचा शब्द शेवटचा होता, पण ते शब्द फार काढत नसत. या नावाबद्दल तर अजिबात नाही. मनिषा माहेरी यायच्या आधीही सासूबाई एकदा म्हणाल्या होत्या, "तिसरी झाली तर नकोशी." तेव्हा जेवताजेवता तात्या भाकरी तशीच ठेवून उठले होते आणि ओट्यावर जाऊन बसले होते. मनिषानं ते पाहिलं होतं. त्याचा अर्थ काय लावायचा, ते मात्र तिला ठरवता आलं नव्हतं.

शनिवारी सकाळी तिला न्यायला तात्या एकटेच आले. मे महिना होता, सत्त्याण्णव साल. पोरगी दोन महिन्यांची झाली होती. तीन आठवडे काचेच्या पेटीत काढले म्हणून बारसं लांबलं होतं. मनिषाच्या आईनं पोरीला टोपडं घातलं, दुपट्यात गुंडाळलं, पिशवीत लंगोट, ग्राइप वॉटरची बाटली, ओल्या फडक्यात गुंडाळलेली पाण्याची बाटली, सगळं भरलं. तात्यांच्या हातातही एक कापडी पिशवी होती. मनिषाचा भाऊ ती घ्यायला पुढं झाला, तर त्यांनी दिली नाही.

इंदापूरच्या स्टँडवर बारामतीची गाडी लागलेली होती. कंडक्टर आरोळ्या देत होता. तात्या गाडीकडं बघतही नव्हते.

"तात्या, गाडी सुटंल."

"सुटू दे. दुपारची हाय अजून." ते तिच्याकडं वळले. "पोरी, तुला इंग्लिश वाचाया येतं न्हवं?"

"बारावी झालीय की मी. येतं थोडंफार."

"मग चल. एक ठिकाण बघायचं हाय. ऊन व्हायच्या आत हुईल."

मनिषाला वाटलं, कुणाचा कागद वाचायचा असेल, कोर्टाचा नाहीतर तलाठ्याचा. रिक्षावाल्याला त्यांनी सांगितलं ते मात्र भलतंच होतं. "कालव्याच्या बंगल्यामागं सायबांची थडगी हायत, तितं ने."

रिक्षावाल्यानं आधी तात्यांकडं, मग बाळाकडं, मग मनिषाकडं पाहिलं. "बाळंतिणीला घिऊन?"

"तुझी रिक्षा भ्यातीय का?" तात्या म्हणाले.

थडगी बंगल्याच्या मागं, पडक्या भिंतीच्या आत होती. फाटकाला कुलूप होतं, पण भिंतीला एवढं मोठं भगदाड होतं की कुलूप कुणासाठी ते कळत नव्हतं. आत वेडी बाभूळ माजली होती. दोन शेळ्या एका उंच थडग्यावर चढून शेंगा खात होत्या. सात-आठ थडगी असतील. काही पेटीसारखी, काही नुसता उभा दगड, एकावर तुटक्या पंखाची एक बाई. मनिषानं पोरीला खांद्यावर घेतलं, डोक्यावर पदर ओढून तिच्यावर सावली केली आणि पहिला दगड वाचायला लागली.

"सेक्रेड टू द मेमरी ऑफ..."

"आं?"

"म्हंजे आठवणीसाठी." ती दुसऱ्या दगडाकडं गेली. "सेक्रेड टू द मेमरी..."

तिसऱ्यावरही तेच होतं. तात्या वैतागले. "समद्यांचं नाव एकच हाय का काय?"

मनिषाला हसू आलं. तिनं खालची नावं वाचून दाखवली. एक कालव्याचा इंजिनियर, ताप येऊन गेलेला, वय एकतीस. एक कुणी पोलीस साहेब, घोड्यावरून पडला. इंजिनियरच्या शेजारी त्याची बायको, वय बावीस, आणि तिच्या पायाशी वीतभर दगड. त्यावर इतकंच होतं: इन्फंट डॉटर, नऊ दिवस.

"काय लिवलंय?"

"तान्ही लेक. नऊ दिवसांची."

"नाव?"

"नाव न्हाय, तात्या. बारसं व्हायचं राहिलं असणार."

तात्यांनी त्या वीतभर दगडावरचा पाचोळा बोटांनी बाजूला सारला. मग उठले आणि एकेक थडगं पुन्हा बघत फिरले, वाचता येत नसूनही. मनिषाच्या लक्षात आलं की ते काहीतरी शोधताहेत आणि ते इथं नाही.

"तात्या, कुणाला बघताय तुमी?"

ते एका थडग्याच्या कडेला टेकले. पिशवी मांडीवर घेतली. "बहीण हुती मला," ते म्हणाले. "माझ्याहून थोरली."

लग्न होऊन नऊ वर्षं झाली होती. या घरात तात्यांच्या बहिणीचं नाव मनिषानं कधी ऐकलं नव्हतं. फोटो नाही, दिवाळीला ओवाळणी नाही, कुणाच्या बोलण्यात नाही.

"मानमोडीची साथ आली त्या सालची गोष्ट. मी सात वर्षांचा, ती धाची. आई त्याच साथीत गेली. बाप मेंढरं घिऊन नदीच्या अंगाला निघाला हुता, चाऱ्यापायी. वाटंत हिला ताप भरला. चालंना. मेंढरं काय कुणासाठी थांबत्यात? नदीकाठाला मडमेचा दवाखाना हुता मिशनचा. बापानं तिला तितं पायरीवर ठिवली. म्हणला, माघारी येताना नेतो." तात्यांनी शेळीकडं बघून हात झटकला, ती उतरली नाही. "तिनं माझा सदरा धरला हुता. म्हणली, तात्या, इसरू नगंस, माघारी येताना हाक मार."

"मग?"

"माघारी आलो. दोन म्हैन्यांनी. त्याच वाटंनं आलो. बापानं मेंढरं दवाखान्यापासनं लांबनं घातली. पाच पोरी हुत्या त्याला, बाकीच्या चौघी फुडं जगल्या न्हाईत ते येगळं. एक खाणारं तोंड कमी झालं, असं म्हणला न्हाय, पर मला कळलं. मी हाक मारली न्हाय."

पोरगी कुरकुरायला लागली. मनिषानं तिला दुसऱ्या खांद्यावर घेतलं आणि थोपटत राहिली. थोपटता थोपटता म्हणाली, "तात्या, ही तर गोऱ्या साहेबांची थडगी. मिशनची माणसं इथं कशाला पुरतील? त्यांची जागा त्यांच्या चर्चापाशी असंल."

तात्यांनी मान वर केली. "असं असतं व्हय? मला वाटलं, खिस्ती झालं की समदी सायबातच जमा."

चर्च नदीकाठी होतं, चौदा-पंधरा किलोमीटरवर. नाक्यावरून वडापची जीप मिळाली. मनिषाला बाळ आहे म्हणून ड्रायव्हरनं पुढं बसवलं, तात्या मागं कोंबले गेले. दुपारच्या गाडीला उशीर होणार, घरी सासूबाई वाट बघणार, हे सगळं तिच्या डोक्यात येत होतं. पण तिच्या मनात दुसरंच चाललं होतं. ज्या माणसानं आपल्या बहिणीला हाक मारली नाही म्हणून पंच्याऐंशीव्या वर्षी थडगी धुंडाळायला घेतली, तो माणूस पोरीला नकोशी म्हणू देणार नाही. आज घरी पोचायच्या आत विचारायचं. असं तिनं ठरवलं आणि जीपच्या धक्क्यापासून पोरीचं डोकं तळहातानं सांभाळत बसली.

धरणाचं पाणी मागं हटलेलं होतं. एरवी पाण्याखाली असलेली जमीन उघडी पडून तडकली होती. चर्च उंचावर होतं म्हणून वाचलेलं. काळ्या दगडाचं, वर मंगलोरी कौलं, दारावर छोटी घंटा. गाव धरणात गेल्यावर लोक वर नव्या वसाहतीत राहायला गेले, दवाखाना बंद झाला, आता महिन्यातून एकदा पाळकसाहेब यायचे. बाकीचे दिवस चर्च रावजींच्या ताब्यात होतं. साठीचे गृहस्थ, पांढरा पायजमा, गळ्यात चष्म्याची दोरी. तात्यांनी स्मशान कुठं ते विचारलं, तर त्यांनी बाळ पाहिलं आणि आधी चर्चचं दार उघडलं.

"आत या, बाई. आत गार आहे. कोरड्या तोंडानं कुठं स्मशानात जाता."

आत खरंच गार होतं. लाकडी बाकं, चुन्याच्या भिंती, वटवाघळांचा थोडा वास. तात्या दारातच घुटमळले.

"चपला काढायच्या का?"

"देवाचं घर आहे. काढल्या तर चांगलं, नाही काढल्या तर झाडायला मी आहेच."

तात्यांनी काढल्या. रावजींनी माठातलं पाणी दिलं. बोलता बोलता कळलं की रावजींचा जन्म इथल्याच दवाखान्यातला, त्यांची आई इथं मदतनीस होती.

"कुणाला शोधताय, आजोबा?"

"मेंढक्याची पोर हुती एक. मानमोडीच्या साली ठिवलेली."

रावजी हसले, पण वाईट हसले नाहीत. "त्या साली एकवीस पोरं आली हो इथं. माझी आई सांगायची. मेंढक्यांची, कुणब्यांची, महारवाड्यातली, मांगवाड्यातली. सगळी एका ताटात जेवायची. नाव काय?"

तात्या पाणी पीत राहिले. तांब्या रिकामा झाला होता तरी.

"जुनी रजिस्टरं असतील की," मनिषा म्हणाली.

"ती धरण भरलं तेव्हा मोठ्या ऑफिसला गेली, बाई. तिकडून काही परत येत नाही. आणि नाव तसंही बदललेलंच असणार. बाप्तिस्म्याला बदलायचे. चला, दगडांवर बघू. वय जुळलं तर जुळलं."

स्मशान चर्चच्या मागं उतारावर होतं. वरून खाली रांगा होत्या. दगड साधे, मराठीत कोरलेले, त्यामुळं मनिषाचं इंग्रजी इथं काही कामाचं नव्हतं. ती एकेक वाचत गेली. मार्थाबाई, वय साठ. एस्तेर, शिक्षिका. करुणाबाई. कृपाबाई. याकोब मेस्त्री. करुणाबाईचं वय जवळपास जुळत होतं, रावजींनी डोकं खाजवलं आणि म्हणाले, "नाही, या नगरच्या." पाचव्या रांगेपर्यंत पोरीनं सूर लावला. भूक लागली होती. मनिषा एका मोठ्या दगडाच्या सावलीला बसली, पदर घेतला आणि तिला पाजू लागली. रावजी पाठ करून उभे राहिले. तात्या रांगेतून रांगेत नुसते फिरत होते.

तिला त्या मोठ्या माणसाची कीव आली. आणि थोडा रागही आला. "तात्या," ती बसल्या जागेवरून म्हणाली, "घरातलं नाव तरी सांगा की. कशानं हाक मारायचा?"

तात्या थांबले. त्यांनी तिच्याकडं पाहिलं नाही, पदराखालच्या हालचालीकडं पाहिलं.

"नकोशी," ते म्हणाले.

मनिषाचा हात पोरीच्या पाठीवर होता, तिथंच राहिला.

रावजी मात्र गर्रकन वळले. आपण पाठ करून उभे होतो हेही विसरले. "नकोशीबाई? अहो, मग हे आधी नाही का सांगायचं! नकोशीबाई दाई! मी तिच्या हातचा. हे अख्खं गाव तिच्या हातचं!"

तात्या त्यांच्याकडं बघत राहिले.

"पण नाव बदलत्यात म्हणाला तुमी," मनिषा म्हणाली.

"सगळ्यांची बदलली, हिची नाही. माझी आई सांगायची ना. पाद्रीसाहेबांनी तीन नावं पुढं ठेवली. दया घे, करुणा घे, मरियम घे. मडमेनं समजावलं की हे नाव चांगलं नाही, पोरी, याचा अर्थ वाईट आहे. तर ही बारा-तेरा वर्षांची पोर म्हणाली, माझा भाऊ न्यायला येणार आहे. तो याच नावानं विचारील. दुसरं घेतलं तर त्याला मी सापडायची कशी?"

उतारावर वारा नव्हता. खाली नदीपात्रात कुणीतरी बैलांना ओरडत होतं.

"मी आलतो," तात्या म्हणाले.

"केव्हा?"

"गावात पाण्याचं पयलं इंजिन आलं त्या साली. मी चाळिशीला आलतो. इंदापूरच्या बाजाराला बकरी घिऊन आलो, तसाच हिकडं आलो. तवा फाटक हुतं तितं, खाली. फाटकावर माणूस हुता. त्याला म्हणलं, मेंढक्याची एक पोर हितं ठिवली हुती. तो म्हणला, नाव सांगा. मी नाव घेतलं न्हाय." त्यांनी पिशवी एका हातातनं दुसऱ्या हातात घेतली. "कसं घ्यायचं? नाव ऐकलं की त्याला कळलं असतं, घरानं काय केलं ते. तो म्हणला, नाव न्हाय तर माणूस कसा सापडंल? मी माघारी गेलो."

रावजींनी बोटांवर हिशेब केला. बोलावं की नाही असं त्यांना झालं असावं. शेवटी बोललेच. "त्या वेळी ती इथंच होती. दवाखान्यात. फाटकापासून हाकेवर."

पोरगी पिऊन झाली होती. मनिषानं तिला खांद्यावर घेऊन ढेकर काढला. त्या शांततेत तो ढेकर केवढा तरी मोठा वाटला.

नकोशीबाईचा दगड सगळ्यांत खालच्या रांगेत होता. ही रांग पावसाळ्यापासून पाण्यात असायची, उन्हाळ्यातच उघडी पडायची. आठवड्यापूर्वी आला असता तर दिसला नसता, रावजी म्हणाले. दगडावर गाळाचा थर वाळून त्याच्या खपल्या झाल्या होत्या. तात्या गुडघ्यावर बसले आणि खपल्या काढू लागले, जनावराच्या अंगावरचे गोचीड काढावेत तसे, एकेक. मनिषानं बाटलीतलं पाणी ओतलं. अक्षरं वर आली.

तिनं वाचलं. "नकोशी भिमा. राहणार पिंपळी, तालुका बारामती. चाळीस वर्षे दाई. प्रभूमध्ये निजली, तीन जानेवारी एकोणीसशे चौसष्ट."

"पिंपळी लिवलंय?"

"होय, तात्या."

"बापाचं नावबी?"

"तेबी."

तात्यांनी पिशवी उघडली. आत हिरवं इरकली लुगडं होतं, वर खण, एक नारळ. लुगडं त्यांनी दगडावर अंथरलं, पदराचं टोक सरळ केलं. मग बराच वेळ त्यावर हात ठेवून बसले. रडले नाहीत. किंवा रडले असतील. मनिषानं तिकडं पाहिलं नाही, पोरीचं टोपडं नीट करत राहिली.

मग ते म्हणाले, "पोरी, आत्तापतूर मला ह्या नावाची लाज वाटायची. भागी बोलली की उठून जायचो. पर हिनं बघ. हिनं ते मरुस्तवर संभाळलं. दगडावर घालून घेतलं." त्यांनी बाळाकडं पाहिलं. "हेच ठिवू हिला. सोमवारी भागीला सांगतो, खुशाल ठेव. माझ्या बहिणीचं नाव हाय म्हणून ठेव."

सकाळपासून जी आशा तिनं जीपच्या धक्क्यातून जपून आणली होती, ती तिच्या डोळ्यांदेखत उलटी फिरली. आता तर सासूबाईही आणि तात्याही. आणि तात्यांच्या तोंडून ते इतक्या मायेनं आलं होतं की नाही म्हणायला जीभ उचलत नव्हती.

ती उचलली कशी, ते तिचं तिलाही नंतर सांगता आलं नसतं.

"न्हाय, तात्या."

नऊ वर्षांत पहिल्यांदाच ती त्यांना नाही म्हणाली होती. रावजी दोन पावलं मागं सरकले.

"आजींनी नाव संभाळलं ते आवडलं म्हणून न्हवं. कुणीतरी यावं म्हणून. पंचेचाळीस वर्षं त्या नावावर बसून राहिल्या, कारण ते सोडलं तर तुमी चुकाल. तुमी आला. उशिरा आला, पर आला. आता त्या नावाचं काम झालं, तात्या. ते त्यांच्यापाशीच राहू द्या. माझ्या लेकीला कुणी शोधत यायचं न्हाय. ती माझ्यापाशी हाय. मला ती हवीय."

शेवटचं वाक्य बोलताना तिचा आवाज फाटला आणि पोरगी दचकून जागी झाली.

उन्हं चढली होती. रावजींनी आपला पंचा डोक्यावरून काढून बाळावर धरला. तात्यांनी दगडावरचं लुगडं थोडं बाजूला सारलं, अक्षरं होती ती जागा उघडी केली आणि तळहातानं चाचपली.

"गार हाय," ते म्हणाले. "पाण्यातनं नुकताच निघालाय न्हवं." मग हात पुढं केले. "आण हिकडं तिला."

मनिषाला कळेना. तरी तिनं पोरगी दिली. तात्यांनी तिला दोन्ही हातांनी धरलं, मेंढीचं नवं कोकरू धरतात तसं, मान सांभाळून. वाकले आणि तिचा उजवा कान दगडाला टेकवला. पोरगी रडली नाही. गार लागलं म्हणून डोळे मोठे करून बघत राहिली.

"घराला आत्या न्हाय म्हणून भागी बसती आत्याच्या जागी," तात्या म्हणाले. "ही काय आत्या न्हाय? संभाच्या बापाची सख्खी आत्या. पंचवीस बारशी चुकली हिची आमच्या घरात. हे एक करू दे. तू सांग, पोरी, काय नाव हाय तुझ्या मनात. पर तू तिला सांग, ती हिला सांगंल."

मनिषा गुडघ्यावर बसली. तोंड दगडापाशी नेलं, पोरीच्या डोक्याजवळ. दगडाला गाळाचा वास होता, आणि पोरीला दुधाचा. आधी "कुर्रर्र" करायचं असतं, ते तिनं केलं. मग नाव सांगितलं. महिनाभर ते नाव ती अंघोळ घालताना पाण्याच्या आवाजाखाली घेत होती. आज पहिल्यांदा कुणाला ऐकू जाईल असं घेतलं.

"काय म्हणली?" तात्यांनी विचारलं.

"ऋतुजा."

"रुतजा."

"ऋ-तु-जा, तात्या."

"तेच म्हणलो मी." त्यांनी पोरगी तिच्या हातात दिली. मग दगडाच्या वरच्या कडेवर पंजानं दोन धपाटे मारले, अगदी हलके, बाया आत्याच्या पाठीत मारतात तसे. पुरुषानं ते कधी करायचं नसतं, पण तिथं दुसरी बाई नव्हती. तिसऱ्या वेळी हात उचललाच नाही, तसाच ठेवून दिला.

"हाक मारतो म्हणलं हुतं," ते दगडाला म्हणाले.

रावजींनी नारळ फोडला, शेंडीकडचा अर्धा भाग मनिषाच्या पिशवीत घातला. "लुगडं इथं ठेवलं तर शेळ्या खातील," ते म्हणाले.

"राहू दे. नाव ठिवल्याचा आहेर हाय तिचा."

मग रावजींनी चार दगड आणून लुगड्याच्या चार टोकांवर ठेवले. श्रावणात पाणी चढेल तेव्हा ते पाण्याखाली जाईल, बरं का, असंही सांगितलं. तात्या म्हणाले, जाऊ दे.

इंदापूरला दुपारची बारामती मिळाली. गाडीत गर्दी नव्हती. मनिषानं खिडकीला ओलं फडकं बांधलं, लंगोट बदलला, पोरीला मांडीवर आडवं घेतलं. तिच्या उजव्या कानाच्या पाळीला चिमूटभर गाळ लागला होता. तो पुसायला तिनं पदराचं टोक ओलं केलं, आणि मग पुसला नाही.

तात्या पलीकडच्या बाकावर रिकामी पिशवी घडी घालून बसले होते. डोळे मिटलेले, ओठ हलत होते. तिला वाटलं, देवाचं काही म्हणताहेत. नीट ऐकलं तर ते "रुतुजा, रुतुजा" असं घोकत होते, शाळेतल्या पोरासारखं.

पिंपळीच्या फाट्यावर उतरेपर्यंत चार वाजले. भागुबाई रस्त्यापर्यंत आल्या होत्या, भाकरतुकडा घेऊन, ओवाळून टाकायला. पाठीमागं प्रतिक्षा आणि मंगल उड्या मारत होत्या.

"कुटं हुता एवढा येळ? पोरगी उन्हानं करपली असंल!" त्यांनी तुकडा ओवाळला, पोरीच्या डोळ्यांना पाणी लावलं, आणि तिला हातात घेऊन म्हणाल्या, "आली का गं माझी नकू..."

"भागे," तात्या म्हणाले.

त्या थांबल्या.

"सोमवारी घुगऱ्या दुप्पट घाल शिजायला. पाळणा बांध, गाणी म्हणा. नाव ठिवून झालंय."

"झालंय? कुणी ठिवलं?"

"आत्यानं."

"कुठली आत्या, मामंजी? आपल्या घरात आत्या हाय कुठं?"

तात्या ओट्याकडं चालू लागले होते. "बस जरा," ते म्हणाले. "पाणी दे मला. मग सांगतो."

भागुबाईंनी मनिषाकडं पाहिलं. मनिषानं पोरगी परत आपल्या हातात घेतली आणि तिच्या अंगावरचं दुपटं सारखं केलं. मंगल पायाच्या बोटांवर उभी राहून बघत होती.

"आई, काय नाव हाय बाळाचं?"

मनिषा खाली वाकली आणि तिच्या कानात सांगितलं.